चार महिने पाण्यावर: जगप्रदक्षिणेच्या बोटीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जगप्रदक्षिणा करणाऱ्या प्रवासी जहाजांविषयी एक छोटे टिपण आले होते. जानेवारीत निघून एप्रिल-मेपर्यंत पृथ्वीला फेरी घालून परतणाऱ्या या सफरींचा विषय आता कोल्हापुरातील काही घरांतही निघू लागला आहे, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. उत्तरे देणारे आमचे स्तंभलेखक परदेशी प्रवासी जहाजांवर पर्सरच्या कचेरीत, म्हणजे प्रवाशांचे हिशेब, पासपोर्ट आणि तक्रारी जिथे येऊन पडतात त्या जागी, बरीच वर्षे नोकरी करून आता कोल्हापुरात स्थायिक झाले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मुलगा इंग्लंडमध्ये असतो. आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होत असल्याने साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या साडेतीन महिन्यांच्या सफरीची तिकिटे काढून देतो, असे तो म्हणतो. माहितीपत्रकात पस्तीस बंदरांची नावे आहेत आणि ती वाचून मी हरखून गेलो आहे. पण सौभाग्यवतीचे म्हणणे असे की, नुसते पाणी बघत इतके दिवस काढायचे कसे? – ताराबाई पार्क

सौभाग्यवतींनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माहितीपत्रक बंदरे मोजते, प्रवाशाने मात्र बंदरांमधले दिवस मोजावेत. साडेतीन महिन्यांचे साधारण एकशे पाच दिवस धरले आणि त्यांतून पस्तीस बंदरे वजा केली, तर सत्तरच्या आसपास दिवस उरतात, आणि त्या दिवशी सकाळी पडदा सारल्यावर चारी दिशांना पाण्याशिवाय काही दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हे अंतर सुमारे एकवीसशे सागरी मैलांचे आहे. ताशी वीस सागरी मैलांच्या चालीने जहाज दिवसाला चारशे ऐंशी मैल कापते, म्हणजे तेथे पोहोचायला चार दिवसांहून अधिक लागतात; आणि होनोलुलूला जेमतेम एक दिवस उतरून पुढे सामोआकडे निघालात की पुन्हा तेवढेच. बंदरातील दिवसही पूर्ण चोवीस तासांचा नसतो. बहुधा सकाळी आठला धक्क्याला लागायचे आणि संध्याकाळी पाच-सहाला निघायचे असते. जिथे धक्का नाही किंवा पाणी उथळ आहे, तिथे जहाज बाहेर नांगर टाकते आणि जहाजावरच्या छोट्या बोटींतून ने-आण होते, त्यात तासभर सहज मोडतो. त्यामुळे ‘आम्ही पस्तीस गावे पाहिली’ असे म्हणण्यापेक्षा ‘आम्ही पस्तीस गावांना तोंड दाखवून आलो’ असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मग लोक जातात कशासाठी? माझे मत असे की, ज्याला समुद्रातले दिवस आवडतात त्यानेच जावे, आणि ज्याला गावे पाहायची आहेत त्याने त्याच पैशात विमानाने निवांत चार देश पाहावेत. समुद्रातला दिवस कसा जातो ते सांगतो. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम येतो. त्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांपासून व्याख्याने, पत्त्यांचा ब्रिज, नाचाचे वर्ग, समूहगायनाची तालीम, चित्रकला, रात्रीचा नाटकघरातला खेळ असे सगळे तासावारी दिलेले असते. पहाटे उठणारी मंडळी डेकवर फेऱ्या मारतात. दुपारी बाराला कप्तान ध्वनिक्षेपकावरून अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा वेग आणि खाली पाणी किती खोल आहे ते सांगतो, आणि पहिल्या आठवड्यात हसण्यावारी नेणारे प्रवासी दुसऱ्या महिन्यात हीच घोषणा वहीत टिपून घेताना मी पाहिले आहेत. ग्रंथालयाबाहेर बहुतेक जहाजांवर एक मोठे टेबल असते आणि त्यावर हजार-दोन हजार तुकड्यांचे चित्रकोडे अर्धवट जुळवून ठेवलेले असते. येणारा-जाणारा दोन तुकडे बसवतो, तिथेच थांबतो, शेजारच्याशी बोलू लागतो आणि जेवणाची वेळ होते.

खरी वस्ती कळते ती मात्र कपडे धुण्याच्या खोलीत. लांबच्या सफरीवर प्रवाशांसाठी यंत्रे ठेवलेली असतात, ती थोडी असतात आणि धुणारे फार. आपल्या पंचगंगेच्या घाटावर पूर्वी जशा साऱ्या पेठांच्या बातम्या पाण्यात बुडवून वर निघत, तशा जहाजावरच्या सगळ्या खबरी या खोलीत निघतात. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचा गुडघा सुजला, कोणाची केबिन गळते. यंत्र थांबल्यावर दुसऱ्याचे ओले कपडे बाहेर काढून ठेवावेत की नाही, या एका मुद्द्यावरून मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसे हमरीतुमरीवर आलेली आहेत, आणि ते निवाडे आमच्या कचेरीत होत असत.

आणखी दोन गोष्टी. केबिन खिडकीचीच घ्यावी. आतली केबिन स्वस्त असते, पण तिच्यात दिवस आहे की रात्र हे घड्याळाशिवाय कळत नाही, आणि आठवडाभर सोसणारी ती गोष्ट साडेतीन महिने सोसवत नाही. दुसरे असे की, बहुतेक कंपन्या संपूर्ण फेरीचे टप्पे पाडून तीन-तीन आठवड्यांची तिकिटेही विकतात. आधी महासागर ओलांडणारा असा एक टप्पा करून पाहावा. मुंबईहून निघणारी दोन-तीन रात्रींची सफर ही त्याची चाचणी नव्हे. ती जत्रा असते, आणि जत्रेत कोणालाच कंटाळा येत नाही.

मी एकादशी करते आणि शुक्रवारी अंबाबाईचा उपवासही धरते. पॅसिफिक महासागरात वाराची रेषा ओलांडताना एक दिवस नाहीसा होतो, असे ऐकले. तो शुक्रवार असला किंवा त्या दिवशी एकादशी आली, तर काय करावे? – मंगळवार पेठ

प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

प्रथम वार. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर काही दिवसांच्या अंतराने रात्री घड्याळ एक तास मागे घेतात, तो दिवस पंचवीस तासांचा होतो आणि सगळे खुशीत असतात. संपूर्ण प्रदक्षिणेत असे चोवीस तास जमा होतात आणि त्यांची परतफेड आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एकदम करावी लागते, म्हणजे मंगळवारी रात्री झोपावे आणि उठावे तो गुरुवार. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर उलटे घडते. तिथे घड्याळ वारंवार पुढे जाते, झोप कमी पडत जाते आणि रेषेवर एकच वार दोनदा येतो. ही रेषा ठाऊक नव्हती तेव्हा माणसे चक्रावून गेली होती. मॅगेलनच्या ताफ्यातले उरलेले एकुलते एक जहाज पृथ्वीला पहिली फेरी पुरी करत जुलै १५२२ मध्ये केप व्हर्ड बेटांवर लागले, तेव्हा जहाजाच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने एकही दिवस चुकवला नव्हता, त्यामुळे त्याला हे कोडे सुटेना. आणि शुक्रवारचेच म्हणाल, तर सामोआ या सबंध देशाने आपली बाजू बदलण्यासाठी ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळला, तो शुक्रवारच होता. ज्या दिवशी सूर्यच उगवला नाही त्या दिवसाचा उपवास बुडाला असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. मन मानत नसेल तर अलीकडचा किंवा पलीकडचा दिवस धरावा.

एकादशीचे तसे नाही, कारण तिथीला वाररेषेशी देणेघेणेच नाही. चंद्र सूर्यापासून बारा-बारा अंश पुढे सरकतो तशी तिथी बदलते, आणि ती वेळ साऱ्या जगात एकच असते. स्थळानुसार बदलतो तो सूर्योदय, आणि ज्या सूर्योदयाला एकादशी चालू असेल तो दिवस एकादशीचा, हा आपला साधा नियम आहे. म्हणून जहाजावर घरचे पंचांग न्यावे, पण त्यातला वार न पाहता तिथी लागण्याची आणि संपण्याची वेळ पाहावी. समजा, पंचांगात एकादशी सोमवारी रात्री दहाला लागून मंगळवारी रात्री नऊला संपते. कोल्हापुरात ती मंगळवारची. होनोलुलूचे घड्याळ आपल्या मागे साडेपंधरा तास असते, म्हणून तिथे तीच एकादशी सोमवारी सकाळी साडेसहाला लागते आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला संपते. हिवाळ्यात तिथला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सोमवारी तो उगवताना एकादशी आहे आणि मंगळवारी नाही. जहाज होनोलुलूला असेल तर तुमचा उपवास सोमवारी. सूर्योदयाची वेळ रोजच्या छापील कार्यक्रमात असतेच, त्यामुळे हे गणित कागदाच्या तुकड्यावर दोन मिनिटांत होते. स्मार्त आणि भागवत यांतला भेद ज्यांच्या घरी पाळला जातो, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या गुरुजींकडून तेवढ्या तारखांचे टिपण करून घ्यावे.

पाटबंधारे खात्यात माझी हयात गेली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबावर उघडतात, हे मी शेकडो पाहुण्यांना समजावून सांगितले आहे. पनामा कालव्यात जहाज डोंगर चढते, तेही पंपाशिवाय, असे म्हणतात. प्रवाशाला ते प्रत्यक्ष पाहता येते का? – कसबा बावडा

येते, आणि साऱ्या सफरीत पहाटे पाचला डेकवर जागा धरून बसावे असा हाच एक दिवस आहे. सुमारे ब्याऐंशी किलोमीटरचा हा कालवा ओलांडायला आठ ते दहा तास लागतात. चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेला गाटून तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वीस मीटर उंच आहे. अटलांटिक बाजूने येणारे जहाज लागोपाठच्या तीन हौदांतून त्या उंचीवर चढते, तलाव ओलांडते आणि पॅसिफिक बाजूला आधी एक आणि थोड्या अंतराने दोन अशा तीन पायऱ्या उतरते. पंप कुठेही नाही. वरच्या तलावाचे पाणी तळाच्या भुयारांतून खालच्या हौदात आपल्या वजनाने उतरते आणि जहाज आठ-दहा मिनिटांत वर उचलले जाते. हौदाची दारे दोन पाखांची असून वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाण्याचा दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसतात. राधानगरीच्या माणसाला यावर अधिक सांगायला नको. जुन्या हौदांची रुंदी साडेतेहतीस मीटर आहे आणि त्यांत बत्तीस मीटर रुंदीचे जहाज शिरते, तेव्हा खालच्या डेकवरून काँक्रीटच्या भिंतीवरचे शेवाळ आणि जुन्या जहाजांनी घासून गेलेले रंगांचे पट्टे हाताच्या अंतरावर दिसतात. जहाजाला मधोमध ठेवण्यासाठी दोन्ही काठांच्या रुळांवरून विजेची इंजिने तारांनी त्याला धरून चालतात.

आपल्याला जे खुपेल तेही सांगतो. एका जहाजाच्या एका पारगमनाला सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी खर्ची पडते आणि ते समुद्राला मिळते. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या मोठ्या हौदांना बाजूला साठवण टाक्या आहेत आणि त्यांतून प्रत्येक वेळचे साठ टक्के पाणी पुन्हा वापरता येते. तरीही २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि रोजच्या जहाजांच्या संख्येत कपात करावी लागली. धरणात पाणी किती यावर गाव चालते, हे आपल्याला नवे नाही.

सुएझमध्ये मात्र असे काही दिसत नाही. दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी असल्यामुळे १८६९ च्या त्या कालव्याला एकही हौद नाही. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर अनेक जगप्रदक्षिणा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेण्यात आल्या, म्हणजे इजिप्त-जॉर्डनच्या जागी नामिबिया-दक्षिण आफ्रिका. मार्ग बदलण्याचा अधिकार तिकिटाच्या अटींतच कंपनीने राखून ठेवलेला असतो, त्यामुळे एका विशिष्ट बंदरावर जीव जडवून तिकीट काढू नये.

मला साधी गगनबावड्याच्या घाटात गाडी लागते. त्यात मधुमेह आणि रक्तदाब. जाऊ की नको? – राजारामपुरी

गाडी लागणाऱ्या प्रत्येकाला बोट लागतेच असे नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखी स्थिरके असतात, त्यामुळे जहाजाचे डावे-उजवे डोलणे पुष्कळ कमी होते. पुढे-मागे होणारे हेलकावे मात्र त्यांनी थांबत नाहीत. ते टोकांना जास्त आणि मध्यभागी, खालच्या मजल्यावर सर्वांत कमी जाणवतात. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खाली घ्यावी. उंचावरच्या सज्जाच्या केबिनीला पैसे जास्त पडतात आणि हेलकावेही जास्त बसतात. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत सरावते. समुद्र खवळणार असेल तर प्रवाशांना ते आधीच कळते. पोहण्याच्या तलावातले पाणी सोडून देतात आणि लिफ्टजवळच्या कठड्यांत कागदी पिशव्या गुपचूप खोचल्या जातात. त्या दिसल्या की हलके खाऊन, क्षितिज दिसेल अशा जागी जाऊन बसावे. बोट लागण्यावर आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिनॅरिझिनच्या गोळीने गुंगी येते, आणि वयस्कर माणसाने ती महिनोन्‌महिने घेतल्यास हातापायांना कंप सुटण्यासारखे त्रास होऊ शकतात. चार दिवसांपुरते औषध निराळे आणि चार महिन्यांचे निराळे, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मधुमेह आणि रक्तदाब असलेले प्रवासी या सफरींवर पुष्कळ असतात. जहाजावर दवाखाना, डॉक्टर, परिचारिका, क्ष-किरण यंत्र, रक्ताच्या मोजक्या तपासण्या एवढे असते. मोठी शस्त्रक्रिया होत नाही. तपासणीचे बिल खात्यावर पडते आणि ते आपल्या डोळ्यांत पाणी आणणारे असते. किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरांपर्यंतच हेलिकॉप्टर येऊ शकते, पॅसिफिकच्या मध्यावर ते येत नाही, तिथे जहाजालाच वाट वाकडी करून जवळचे बंदर गाठावे लागते. म्हणून आधीपासूनचे आजार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च या दोहोंचा समावेश असलेला विमा नसेल तर जाऊ नका, हे माझे स्पष्ट सांगणे आहे. औषधे पूर्ण मुदतीची आणि वर महिनाभराची, मूळ पाकिटांत, हातातल्या पिशवीत न्यावीत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तिच्यात औषधांची रासायनिक नावे लिहिलेली असावीत, कारण जपान, संयुक्त अरब अमिरात असे काही देश औषधांच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. आणि हात साबणाने धुवावेत. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस दारापाशी ठेवलेल्या जंतुनाशकाच्या थेंबाला फारसा दाद देत नाही.

वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत, प्रकृती ठणठणीत आहे आणि त्यांची जाण्याची तीव्र इच्छा आहे. घरात कोणी तोंडाने बोलत नाही, पण वाटेत काही बरेवाईट झाले तर? – शाहूपुरी

विचारलेत ते बरे केले. लांबच्या सफरींवर ज्येष्ठ प्रवासी बहुसंख्य असतात आणि जहाजाला या प्रसंगाची सवय असते. शीतगृहाची सोय असते, कप्तान मृत्यूची नोंद करतो, पुढच्या योग्य बंदरात तिथले प्रशासन आणि भारतीय वकिलात यांच्या कागदपत्रांनंतर पार्थिव उतरवले जाते. तेथून ते घरी आणण्याचा खर्च फार मोठा असतो, तोही विम्यात आहे का ते पाहावे. पुष्कळ कुटुंबे त्याच देशात दहन करून अस्थी आणतात. कोल्हापूरकराला यात अपूर्व असे काही नाही. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांचे दहन तिथेच आर्नो नदीच्या संगमावर झाले आणि तिथे त्यांची छत्री आजही उभी आहे.

वडिलांशी मात्र हे उघड बोला. त्यांची इच्छा काय, कागद कुठे आहेत, सोबत कोण जाणार, एवढे ठरले की बाकीची भीती निम्मी होते. एकट्याने पाठवू नका. एकट्या प्रवाशाला केबिनचे भाडे पुष्कळदा दोघांइतके पडते, त्यामुळे सोबतीचा खर्च वाटतो तितका जास्त नसतो.

आम्ही जैन आहोत, कांदा-लसूण वर्ज्य आहे. चार महिने निभेल का? – जयसिंगपूर

कांदा-लसूण मसाल्याशिवाय मला घास उतरत नाही. बरणी नेऊ देतात का? – शिवाजी पेठ

दोन्ही पत्रे एकाच टपालात आली, म्हणून उत्तरही एकत्र देतो.

जयसिंगपूरकरांनी आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला स्वतः भेटावे. मोठ्या जहाजांच्या मुदपाकखान्यात गोव्याचे, केरळचे, मुंबईचे आचारी पुष्कळ असतात. आदल्या रात्री सांगितले तर वरण, भात, फुलके, जिऱ्याची भाजी असे वेगळे करून मिळते. परदेशी स्वयंपाकात ‘शाकाहारी’ म्हणून येणाऱ्या सूपमध्ये मांसाचा अर्क आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, म्हणून ‘मांस नाही’ एवढ्यावर न थांबता ‘कंदमुळे, अंडे, मासळीचा रस, जिलेटिन काहीच नाही’ असे लिहून दिलेले बरे. तिसऱ्या आठवड्यात तेच वरण तीच चव असे होते, त्याला इलाज नाही.

शिवाजी पेठकरांना बरणी नेता येईल, पण कारखान्यात सीलबंद केलेली. घरी कुटून बाटलीत भरलेला मसाला तपासणीत अडतो. रात्रीच्या जेवणाला बहुधा ठरलेले टेबल आणि ठरलेले वाढपी असतात. एखादी छोटी डबी टेबलावर ठेवली तर कोणी हरकत घेत नाही, उलट तिसऱ्या दिवशी शेजारचा ऑस्ट्रेलियन चिमूटभर मागतो आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत बसतो. मात्र ती डबी खिशात घालून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा चिलीच्या किनाऱ्यावर उतरू नये. या देशांचे खाद्यपदार्थांवरील निर्बंध इतके कडक आहेत की, जहाजावरच्याच नाश्त्यातले सफरचंद पिशवीत राहिले म्हणून न्यूझीलंडमध्ये चारशे डॉलर दंड जागेवर भरावा लागू शकतो. केबिनमध्ये चहाची कॉइल, इस्त्री, शेगडी यांपैकी काही चालत नाही. सामान चढवतानाच ते काढून घेतात आणि उतरताना पावतीवर परत देतात. जहाजावर आगीचे भय पाण्याच्या भयापेक्षा मोठे असते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आठवण येईल, ती सोसावी.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंट झाला आहे. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून एक एजंट साडेतीन लाख मागतो. द्यावेत का? – गडहिंग्लज

एक रुपयाही देऊ नये. सागरी कामगारांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार, जो भारतालाही लागू आहे, आणि आपले स्वतःचे नियम या दोहोंनुसार नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे बेकायदा आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि नाविकाची सनद, जिला सगळे सीडीसी म्हणतात, एवढा खर्च आपला असतो. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ‘आधी पैसे, मग कंपनीचे नाव’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, आणि पैसे आधीच दिले असतील तर पोलिसांत जावे.

मुलाला कामाचे खरे रूपही कळू द्या. करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी नसते. रोज दहा तास काम ही साधारण रीत. नियमाने चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी. केबिन दोघांत एक, बहुधा पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकीशिवाय. प्रवासी जेव्हा सामोआ पाहायला उतरतो तेव्हा हा मुलगा दुपारच्या जेवणाची टेबले लावत असतो. पगार साठतो, कारण खर्च करायला वेळ नसतो. शिस्त अंगात भिनते. पाच-सहा देशांच्या माणसांत राहून माणूस उजळतो. माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे. पण जग फुकट पाहायला मिळते, या आमिषाने जाणारे पहिल्याच कराराला परत येतात.

व्हिसा, बँक, पेन्शन यांचे काय करावे? – नागाळा पार्क

भारतीय पासपोर्टला बऱ्याच बंदरांसाठी आगाऊ व्हिसा लागतो, आणि अमेरिका, ब्रिटन, शेंगेन (युरोपातील बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा), ऑस्ट्रेलिया हे चार मिळाल्याशिवाय पुढचा विचार करू नये. एकच व्हिसा कमी असला तरी जहाजावर चढूच देत नाहीत. पासपोर्ट साठ पानांचा काढावा आणि परतीनंतर किमान सहा महिने चालेल असा असावा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांना जहाज लागणार असेल तर ती लस अधिकृत केंद्रातच, उतरण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर भारतात परतताना विलगीकरणात बसावे लागू शकते. साठीनंतर ही लस घेताना डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

पेन्शनीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि या सफरी जानेवारीत सुटतात, तेवढी एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. बँकेचा ओटीपी मात्र खोल समुद्रात येत नाही. विजेचे बिल, घरपट्टी, विम्याचे हप्ते निघण्यापूर्वीच खात्यातून परस्पर जातील अशी व्यवस्था करावी. मोबाइल जहाजावर विमान-मोडमध्ये ठेवावा, अन्यथा तो जहाजाच्या उपग्रह जाळ्याला जोडला जाऊन दोन मिनिटांच्या बोलण्याचे बिल हजारांत येते. आणखी एक बारीक गोष्ट: बंदरात मोबाइलची वेळ आपोआप स्थानिक होते, जहाजाची वेळ कधीकधी निराळी असते. जहाज उशीर झालेल्यांसाठी थांबत नाही. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे.

पैशांबाबत इतकेच सांगतो की, स्वतःचे जहाज नसलेल्या कंपनीला आगाऊ रक्कम देऊ नये. २०२३ मध्ये तीन वर्षांची जगसफर जाहीर करणाऱ्या एका परदेशी कंपनीला जहाजच मिळाले नाही आणि घरे भाड्याने देऊन बसलेल्या प्रवाशांना ऐन वेळी सफर रद्द झाल्याचे कळले.

साड्या नेल्या तर चालतील का? आणि पायांत कोल्हापुरी? – रंकाळा परिसर

साड्या जरूर न्याव्यात. काही रात्री औपचारिक पोशाखाचा संकेत असतो आणि तिथे पैठणीसमोर कोणाचाही झगा टिकत नाही. तरी चार-पाच पुरेत, कारण कपाट हातभर रुंदीचे असते. कोल्हापुरी चप्पल भोजनगृहात शोभते, पण ओल्या डेकवर तिचा चामडी तळ घसरतो आणि दमट हवेत ती बंद कपाटात राहिली तर पंधरवड्यात बुरशी धरते. डेकसाठी रबरी तळाचे बूट न्यावेत. केबिनच्या भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे इथल्या बाजारात मिळणारे लोहचुंबकाचे सात-आठ आकडे घेऊन जावेत. ओले टॉवेल, टोपी, पंचांग आणि चपलेचा जोडसुद्धा त्यांवर टांगता येतो.